वाढ थांबल्याच्या रेषा

माझ्या वयाच्या बायका एकत्र जमल्या की बोलणं गुडघ्यांवर येतंच. मध्यंतरी डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि "हाड जरा झिजलंय, काकू" असं फार हळुवारपणे सांगितलं. मी झिजलेली जागा सोडून भलतीकडेच बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "काय शोधताय?" काय सांगणार? हाड समोर आलं की त्याचं आयुष्य कसं गेलं असेल ते आधी बघायचं, ही माझी जन्माची खोड आहे. ती मला अंधेरीच्या आमच्या दोन खोल्यांत लागली. ती लागू नये म्हणून जिने कंबर कसली होती ती माझी आत्या, आणि ती लागली म्हणून मी आज जी काही आहे ती आहे, तेही आत्यामुळेच. हे जरा उलटसुलट वाटेल, पण आमच्या घरात सरळ काही होतच नसे.

आमचं घर गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी होतं. काळ्या दगडाचे उंच खांब एकमेकांना खेटून उभे केल्यासारखा तो डोंगर, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. लहानपणी मला वाटायचं की तो कोणीतरी बांधलाय. तो लाव्हा थंड होऊन बनलेला बेसॉल्ट आहे आणि तो लाव्हा वाहत होता त्या सुमाराला आपल्याकडच्या डायनोसॉरांचा शेवट जवळ आला होता, हे कॉलेजात कळलं. त्या दिवशी घरी आल्याआल्या चपला न काढताच मी हे सगळं सांगून टाकलं. आत्या सुपात तांदूळ निवडत होती. "देवीच्या डोंगराक काय पण नावां ठेवू नको," एवढं म्हणून तिने सूप फिरवलं. आता त्या डोंगराला उंच इमारतींनी असं काही घेरलंय की त्या गल्लीत वाढलेल्या मलासुद्धा परवा रिक्षावाल्याला विचारावं लागलं.

घरात आम्ही चौघं. बाबा आधी गिरणीत होते, मग मरोळच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. आई शांत, कामापुरतं बोलणारी. मी एकुलती एक, सुलभा, घरात सुलू. आणि आत्या, बाबांची थोरली बहीण. बाबा तिला आक्का म्हणत आणि तिच्यासमोर आवाज वर करत नसत, कारण तिनेच त्यांना वाढवलं होतं. तिचं लग्न झालंच नाही. भाऊ हाताशी येईपर्यंत तिचं वय निघून गेलं, आणि त्याबद्दल तिने कधी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. आमच्याकडे सगळे उंच, मीसुद्धा ताडमाड, आत्या मात्र बाबांच्या खांद्यालाही लागत नसे. फळीवरचा डबा काढायला ती पाटावर चढायची आणि कोणी मदतीला पुढे झालं तर हातातल्या डावाने त्याला मागे सारायची.

त्या घराचा आवाज मला अजून ऐकू येतो. सकाळी पाट्यावर ओलं खोबरं, मिरी आणि धणे वाटले जायचे, वरवंटा मागेपुढे व्हायचा. वाटण बारीक होत गेलं की आवाजही बदलायचा, आधी खरखर, मग घसघस, मग नुसती ओलसर सरसर. आत्या बघायचीसुद्धा नाही, आवाजावरून थांबायची. सकाळच्या न्याहरीला पेज आणि सोबत भाजलेला सुका बांगडा, दुपारी कुळथाची पिठी नाहीतर माशाची कढी, आणि भात. भात मात्र आमच्याकडे नेहमी जरुरीपेक्षा जास्त शिजायचा. "मूठभर वायच जास्ती लाव," असं आत्या आईला रोज सांगायची, आणि उरलेला भात रोज रात्री फोडणीला पडायचा. शेजारच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या येत. आमच्याकडे कुकर आला तरी आत्याने भात पातेल्यातच शिजवला. झाकण काढून शिजताना दिसला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

मी एम.एस्सी.ला भूशास्त्र घेतलं तेव्हा बाबांनी कंपनीत लोकांना सांगताना ते बहुतेक भूगोल असं सांगितलं असावं. आमच्या वर्गात दोनच मुली. सर म्हणजे बेसॉल्टमधला मोठा माणूस, साठीकडे झुकलेले, बुशशर्टाच्या खिशात कायम भिंग. त्यांच्या हाताखाली सगळ्यांनी बेसॉल्टच करायचा, हा अलिखित नियम. पण त्या वर्षी त्यांच्याकडे एक हाड आलं. जबलपूरच्या प्रयोगशाळेत त्यांचे एक जुने मित्र होते, त्यांनी ते पाठवलं होतं. पायाच्या लांब हाडाचा तुकडा, मुठीत मावेल एवढा, तपकिरी, दगडासारखाच जड. दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी जातीचा असावा असा अंदाज. परदेशात काही जण अशा हाडांच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्या जनावराचं जगणं सांगायला लागले होते. ते किती झपाट्याने वाढलं, कधी उपाशी राहिलं, पाऊसपाणी कसं होतं. सरांनी वर्गात विचारलं, "कोण करणार?" मुलं एकमेकांकडे बघत राहिली. माझा हात वर गेला. का गेला ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज वाटतं की दगडाला कधी भूक लागत नाही, हाडाला लागलेली असते, एवढंच ते कारण असावं.

सरांनी सरळच सांगितलं, "हे बघ, माझा मित्र पुढे संशोधनाला एक विद्यार्थी घ्यायला तयार आहे. पण त्याला एक तरी धड स्लाइड दाखवावी लागेल. तिच्यात काही दिसलं तर तू जबलपूरला जाशील. नाही दिसलं तर गपचूप बेसॉल्टवर यायचं आणि परीक्षा देऊन नोकरी शोधायची. हाड एवढंच आहे. तीन चकत्या निघतील, चौथी नाही." जबलपूर मी नकाशावरसुद्धा नीट पाहिलं नव्हतं, पण मला तिथे जायचंच होतं.

चकती करायची रीत तशी सोपी, नुसती धीराची. करवतीने हाडाचा काप काढायचा. त्याची एक बाजू काचेच्या तावदानावर, पाणी आणि घासायची पूड घालून, गुळगुळीत होईपर्यंत घासायची. मग राळ गरम करून ती बाजू काचपट्टीवर चिकटवायची आणि दुसरी बाजू घासत बसायचं, चकती इतकी पातळ होईपर्यंत की तिच्यातून उजेड जावा. आधी जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. बोटांची सालं निघतात. किती पातळ करायचं याचं बेसॉल्टचं एक ठरलेलं माप असतं. आम्हा सगळ्यांच्या हाताला ते माप बसलेलं होतं, सरांच्या तर झोपेतही बसलेलं असणार. पहिली चकती मी त्या मापाला आणली. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर फिकट पिवळट डाग आणि जागोजागी भोकं, कारण पातळ होताना हाडाचे कण उपटून निघाले होते. दुसरी त्याहून जपून केली. तीही तशीच. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आतून सगळं बदललेलं दिसतंय. मुळातलं काही राहिलेलं नाही बहुतेक." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "तिसरी आहे ना अजून."

तिसरी चकती मी कॉलेजात काचपट्टीवर चिकटवली आणि त्याच दिवशी गणपतीची सुट्टी लागली. सुट्टी संपली की सर विषय पक्के करणार होते. मी काचेचं तावदान, पुडीच्या डब्या आणि स्लाइड पिशवीत घालून घरी आणली. गावचं घर भावकीच्या भांडणात बंद पडलं होतं, त्यामुळे आमचा गणपती अंधेरीलाच बसायचा, आणि त्याची स्थापना होईपर्यंत मला घासायला फुरसत मिळाली नाही. मी मोरीजवळ पाट मांडून घासायला बसले. जाड पुडीचा खरखर आवाज वाटणासारखाच येतो, त्यामुळे पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या. आत्या मोरीत तांब्या घ्यायला आली आणि माझ्या डोक्यावर उभी राहिली.

"काय वाटतंस गो?"

"वाटत नाही. घासतेय. हाड आहे."

"कसला हाड?"

"डायनोसॉरचं. जनावराचं. फार जुनं आहे, दगड झालाय त्याचा."

"मेला कधी?"

"कोट्यवधी वर्षं झाली, आत्या."

आत्याने तांब्या खाली ठेवला. "आणि त्याचे दिवस कोणी केले?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की ती तेराव्या-चौदाव्याबद्दल विचारतेय. एक जीव मेलाय, त्याचं कोणी काही केलेलं नाही, आणि त्याचं हाड गौरींच्या पावलांच्या वाटेवर पाण्यात भिजत पडलंय. मी हसले, आणि तिथेच चुकलं. आत्याला हसलेलं खपत नसे. मी वाद घातला. आमच्याकडे गौरीला मटणाचा नैवेद्य असतो, गणपतीसमोर पडदा धरून तो दाखवतात, आणि आत्या स्वतः त्या मटणात नळ्या मागून आणवत असे. मी म्हटलं, "गौरीला नळी चालते, मग हे हाड का नाही चालत?"

"ती ताजी आसता. तो बकरो खयचो, काल काय खाल्ल्यान, सगळा म्हायत आसता. ह्या कोणाचा कोण." तिने पदर खोचला. "गौरी जाईसर ह्या हाड घरात रवाचा नाय."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी मखराच्या दिव्याची वायर तपासायला घेतली. आई म्हणाली, "ठेव गं बाहेर, चार दिवसांचा प्रश्न." पण मला चार दिवस परवडणारे नव्हते. चकती अर्धवट होती, जाडजूड, पलीकडचं धड दिसतही नव्हतं, आणि सुट्टी संपताना मला ती सरांसमोर पूर्ण करून ठेवायची होती. मी रडले, आदळआपट केली, शेवटी स्लाइड पुसून कापडात गुंडाळली आणि दाराबाहेर मीटरच्या पेटीवर पिशवीत ठेवली. गौरी आल्या, हळदकुंकवाची पावलं मोरीपर्यंत उमटली, आणि मी आत्याशी बोलणं टाकलं.

गौरीजेवणाच्या दिवशी घर मसाल्याच्या वासाने भरून गेलं होतं. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, मटण, सोलकढी. माझ्या पानात आत्याने मुद्दाम नळी वाढली, समेट म्हणून. मी ती खाल्ली, कारण अबोला असला तरी मटण मटणच होतं. बाबांना वाटलं, वातावरण बरं आहे. त्यांनी घसा खाकरून विषय काढला. "आक्का, सुलूचे सर म्हणतात, ती कदाचित जबलपूरला जाईल. दोन-तीन वर्षं. शिकायला."

आत्या भात वाढत होती. तिचा हात थांबला नाही. "खय नको जावक," ती म्हणाली. "हय काय कमी आसा?"

"आक्का, पण..."

"गेलेला माणूस येता असा तुका कोणी सांगल्यान?"

बाबा खाली मान घालून जेवायला लागले. मला ही गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. त्या दिवशी आईने भांडी घासताना सगळी सांगितली. आत्या नऊ-दहा वर्षांची असताना लढाई चालू होती आणि रंगूनचा तांदूळ यायचा बंद झाला. कोकणातल्या अर्ध्या चुली त्या तांदळावर चालायच्या. लोक रानातले करांदे उकडून खायला लागले, फणसाच्या आठळ्या, टाकळ्याचा पाला, जे मिळेल ते. माझे आजोबा घाटावरून तांदूळ आणतो, दोन दिवसांत येतो, असं सांगून गेले आणि आलेच नाहीत. ते कुठे गेले, कशाने गेले, हे कधीच कळलं नाही. आजी अंथरुणाला खिळली ती पुन्हा उठली नाही. आत्या पेजेतला भात गाळून धाकट्या भावाला द्यायची आणि वरचं पाणी स्वतः प्यायची. "तेव्हाच तिची वाढ राहिली," आई म्हणाली. "पण ती कोणाला सांगत नाही आणि तू विचारायचं नाहीस." मी मान डोलावली. माझा राग तसाच होता, पण आता त्याला बसायला जागा मिळेना.

गौरी-गणपती गेले, सुट्टी संपली. मी मीटरच्या पेटीवरची पिशवी उचलली आणि कॉलेज गाठलं. सर अजून आले नव्हते. वाटलं, उरलेलं तासाभरात घासून टाकू, पण किती उरलंय ते आधी बघावं, म्हणून स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. अशा जाड चकतीकडे कोणी बघत नाही. बेसॉल्ट इतका जाड असला तर काळा ठिक्कर दिसतो, त्यामुळे मधेच बघायची आम्हाला सवयच नव्हती. मी बघितलं, आणि हात स्क्रूवरच राहिला. खाली सगळं होतं. मधाच्या रंगाचं हाड, त्यात रक्तवाहिन्यांच्या बारीक नळ्यांची दाट जाळी, हाडाच्या पेशींच्या जागा काळ्या तिळांसारख्या ओळीने बसलेल्या, आणि त्या सगळ्याला आडव्या जाणाऱ्या बारीक, स्वच्छ रेषा, झाडाच्या खोडात असतात तशा. मी डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. रेषा जागच्या जागी होत्या.

सर आले तेव्हा मी नुसतं बोट दाखवलं. ते बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मग म्हणाले, "हे पूर्ण का नाही केलंस?"

"आत्याने करू दिलं नाही. गौरी होत्या, सर. हाड घरात चालत नाही म्हणाली."

सर माझ्याकडे बघत राहिले आणि खो खो हसत सुटले. इतके मोकळे हसताना मी त्यांना पुढे कधी पाहिलं नाही. "आपण दगडवाले," ते म्हणाले. "दगडाचं माप हाडाला लावलं. हाडाला जाड ठेवायला पाहिजे होतं. पहिल्या दोन्ही आपणच घासून पुसून टाकल्या की." मग खुर्ची ओढून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि आम्ही दोघांनी ते हाड आतल्या कडेपासून बाहेर वाचायला घेतलं.

ती रेषा म्हणजे वाढ थांबल्याची खूण. कोरडे महिने आले, पाणी आटलं, शिकार मिळेना, की शरीर वाढायचं थांबतं आणि हाडात एक रेघ उमटते. पाऊस झाला की पुन्हा नळ्यांची दाट जाळी विणली जाते, हाड भराभर चढतं. दोन रेषांमधला पट्टा रुंद असेल तर ते साल चांगलं गेलं, अरुंद असेल तर हाल झाले. आमच्या तुकड्यात सुरुवातीला रुंद पट्टे होते, मग एकाएकी रेषा एकमेकींना चिकटून आल्या होत्या, इतक्या की मधे जेमतेम फट उरली होती. लागोपाठ वाईट सालं. आणि त्यानंतर, बाहेरच्या बाजूला, एक चांगला रुंद पट्टा. मी पुढे अशी कितीतरी हाडं बघितली, परदेशात जाऊनही बघितली, पण त्या फटीनंतर आलेला तो रुंद पट्टा बघताना झालं तसं पुन्हा कधी झालं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

घरी येऊन मी अबोला मोडला. मोडावाच लागला, एवढी बातमी पोटात ठेवून कोण बसणार? आत्या मासे साफ करत होती. मी सगळं सांगितलं, तिच्यामुळे चकती वाचली तेही सांगितलं. ते तिने फारसं मनावर घेतलं नाही, गौरीने केलं असं तिचं मत पडलं. पण रेषांबद्दल तिने दोनदा विचारलं. कोयती बाजूला ठेवून, हात धुऊन, माझ्यासमोर बसून विचारलं. "उपाशी ऱ्हवलेला हाडात दिसता?"

"दिसतं."

"माका दाखव."

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं निळं नऊवारी नेसून माझ्याबरोबर निघाली. तिला रिक्षा लागायची म्हणून आम्ही चालत गेलो. प्रयोगशाळेत सरांनी उठून नमस्कार केला, तर तिने दगडांच्या कपाटांकडे बघत "एवढे धोंडे कित्याक जमवलास?" असं विचारलं. सर म्हणाले, "तेच मी पण विचार करतोय हल्ली." तिचं त्यांच्याशी लगेच जमलं. सूक्ष्मदर्शकाजवळ पाट नव्हता, म्हणून सरांनी एक लाकडी खोकं ओढून दिलं आणि ती त्यावर चढली. एक डोळा मिटायला तिला जमेना, तेव्हा तिने पदर त्या डोळ्यावर धरला.

"ह्यो चिकटलेल्यो रेघो काय?"

"ती वाईट सालं. पाऊस नाही, खायला नाही. त्याची वाढ थांबली होती."

"आणि मगे मेला?"

"नाही. बाहेरच्या बाजूला बघ."

तिने डोकं जरा हलवलं. "हय रुंद आसा."

"पुन्हा पाऊस झाला. पुन्हा वाढलं ते."

ती तशीच बघत राहिली. मग पदर खाली घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्या हाडात पण आसतली ती रेघ."

मला त्या क्षणी "हो" म्हणावंसं फार वाटलं. तिला ते हवं आहे असं वाटलं, कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं, एवढं सोसलेलं वाया जाऊ नये. पण आत्याला खोटं सांगून आमच्या घरात कोणाचं कधी धकलं नव्हतं. मी म्हटलं, "माणसाचं हाड सारखं बदलत असतं, आत्या. जुनं विरघळतं आणि त्या जागी नवं बसतं. आयुष्यभर ते चालू असतं. तुझ्या वयाला लहानपणचं हाड फारसं उरलेलं नसतं. ती रेघ असलीच तर पुसली गेली असेल."

"म्हणजे त्या सालातला माझ्यात काय उरूक नाय?"

"उंची राहिली. तेवढीच."

आत्या खोक्यावरच बसली. तिने आपला हात उलटासुलटा करून बघितला, मनगट दुसऱ्या हाताने दाबून बघितलं. मला भीती वाटली की मी तिच्याकडून काहीतरी काढून घेतलं. सर खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. बाहेर कॉलेजच्या मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती. मग आत्या म्हणाली, फार हळू, जणू स्वतःलाच, "हाडांनीसुद्धा टाकून दिल्यानी. मगे मी कित्याक धरून बसलंय?"

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि तिच्या मांडीवर हात ठेवला. तिला असलं आवडत नसे, पण तिने तो काढला नाही. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, उठली, पदर सारखा केला आणि सरांना हाक मारली.

"मास्तर, ह्या जबलपूर खय इला?"

सर वळले. "मध्य प्रदेशात, आक्का."

"जावक किती येळ लागता?"

"एक रात्र आणि वर थोडा दिवस."

"आणि येवक?"

सरांना प्रश्न कळला नाही. "येवक म्हणजे?"

"परत येवक."

"तेवढाच," सर म्हणाले. "जायला लागतो तेवढाच."

आत्याने माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा सरांकडे, हिशेबात चूक काढणाऱ्या बाईच्या नजरेने. "नक्की?"

"नक्की."

"मगे जांवदे तिका," ती म्हणाली आणि माझी वाट न बघता जिना उतरायला लागली.

मी गेले. जाताना आत्या स्टेशनवर आली नाही, घरातच थांबली, जेवलीही नाही असं आईने नंतर कळवलं. पुढचे कितीतरी महिने माझ्या खुशालीचं पोस्टकार्ड आलं की ती ते आईकडून वाचून घ्यायची आणि ऐकून झालं तरी पुन्हा वाच म्हणायची. पहिल्या गणपतीला मी घरी आले तेव्हा सकाळची वेळ होती. जिन्यातच वाटणाचा आवाज ऐकू आला. मी दाराची कडी वाजवली तसा तो बंद झाला. दार आत्यानेच उघडलं, हात वाटणाने माखलेले. तिने मला वरून खालपर्यंत बघितलं, मग पुन्हा चेहऱ्याकडे बघितलं, आणि तिचा आवाज एवढा बारीक झाला की मला तो ओळखूच आला नाही.

"इलंस?"

"इलंय, आत्या."